पानापासून रेणूच्या नावापर्यंत: वनस्पतींतली संयुगं ओळखायला शिकताना

वाळलेल्या पानांची चिमूटभर पूड मिथेनॉलमध्ये भिजवा, गाळा आणि तो अर्क आजच्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात) सोडा. पडद्यावर हजारो खुणा उमटतात. त्यातल्या काही झाडाच्या असतात, काही द्रावकाच्या, काही प्लॅस्टिकच्या नळीतून उतरलेल्या, आणि एकाच संयुगाने चार ठिकाणी सोडलेल्या खुणाही त्यांत मिसळलेल्या असतात. सोबतचं सॉफ्टवेअर त्यातल्या कितीतरी खुणांपुढे झटकन नाव लिहून देतं. नवीन माणूस फसतो तो इथे. नाव दिसलं की संयुग सापडलं, असं त्याला वाटतं.

पहिल्या प्रकल्पाला हात घालणाऱ्यासाठी ही सगळी वाट क्रमाने सांगतो. माझा भर दोन टोकांवर राहील: नमुना यंत्रात जाण्याआधी काय होतं, आणि यंत्रातून आकडे आल्यावर आपण काय म्हणतो. मधलं यंत्र चालवणं सवयीने जमतं. पण नमुन्यात जे उरलंच नाही ते कुठलंही यंत्र दाखवणार नाही, आणि पुराव्याबाहेरचा दावा कितीही महागड्या यंत्राने तरणार नाही.

उदाहरणाला आर्टेमिसिनिन सोबत घेऊ. आर्टेमिशिया ॲन्युआ या वनस्पतीतून निघालेलं हे मलेरियावरचं औषध. त्याच्या शोधासाठी चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांना २०१५ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. या एका रेणूच्या वाटेवर वनस्पती-रसायनशास्त्रातल्या बहुतेक अडचणी भेटतात.

आधी प्रश्न लिहून काढा

‘या झाडात काय काय आहे?’ हा प्रश्न कुतूहल म्हणून उत्तम, पण त्यावरून काम आखता येत नाही. प्रश्नाला तीनपैकी एक रूप द्या. एखादं ठरावीक संयुग किती आहे हे मोजायचं असेल, तर ते लक्ष्यित मोजमाप. दोन गटांत, म्हणजे उन्हातल्या आणि सावलीतल्या झाडांत, रासायनिक फरक काय हे पाहायचं असेल, तर तो मेटाबोलॉमिक्सचा, म्हणजे सजीवातल्या सगळ्या लहान रेणूंचा एकत्र अभ्यास. आणि एखादा गुणधर्म, समजा जिवाणूरोधक परिणाम, कोणत्या संयुगामुळे आहे हे शोधायचं असेल, तर अर्काचे भाग पाडत, प्रत्येक भागाची चाचणी घेत शेवटच्या शुद्ध रेणूपर्यंत जावं लागतं.

पहिल्याला प्रमाण नमुना (ओळख पक्की असलेलं शुद्ध संयुग) लागतो, दुसऱ्याला भरपूर स्वतंत्र झाडं, तिसऱ्याला किलोच्या हिशोबात वनस्पती. प्रश्न न ठरवता अर्क काढला, तर बहुतेक वेळा तो तिन्हींपैकी एकालाही पुरेसा नसतो.

झाडाची ओळख आणि परवानगी

स्थानिक नावावर विसंबू नका. आर्टेमिसिनिनच्याच बाबतीत, चिनी परंपरेत ‘छिंगहाव’ या एकाच नावाखाली एकाहून अधिक वनस्पती मोडत होत्या. भरपूर आर्टेमिसिनिन मिळतं ते मात्र आर्टेमिशिया ॲन्युआच्या पानांत. तिच्या खोडावर कितीही प्रयोग केले असते, तरी हाती फारसं लागलं नसतं, कारण हा रेणू पानांवरच्या आणि फुलोऱ्यावरच्या ग्रंथिल लवेत तयार होतो. शिवाय त्याचं प्रमाण फुलोरा येण्याच्या सुमारास सर्वाधिक असतं. वनस्पती कोणती, भाग कोणता, वेळ कोणती, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच रेणू हाती लागतो.

म्हणून गोळा करतानाच फुलासकट, जमल्यास फळासकट एक फांदी दाबून वाळवा, वनस्पतीवर्गीकरण जाणणाऱ्याकडून ओळख पक्की करून घ्या आणि तो नमुना मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा करून क्रमांक मिळवा. पुढे कुणी तुमच्या निष्कर्षावर शंका घेतली, तर दाखवायला तेवढी एकच वस्तू असते. वहीत जागा, तारीख, वेळ, झाडाची अवस्था आणि तोडलेला भाग लिहा.

परवानगीचं काम गोळा करण्याआधी उरका. जैवविविधतेतून मिळणाऱ्या लाभाच्या न्याय्य वाटपासाठीचा नागोया करार २०१० साली स्वीकारला गेला आणि २०१४ पासून अंमलात आहे. त्यात सामील देशांतली वनस्पती संशोधनासाठी नेताना त्या देशाची पूर्वसंमती लागू शकते. वनस्पती साइट्स कराराच्या (संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) यादीत असेल, तर ती देशाबाहेर नेताना त्याचे नियम वेगळे लागतात. पारंपरिक ज्ञानाच्या आधारे झाड निवडलं असेल, तर ते ज्ञान ज्यांचं आहे त्यांच्याशी आधी बोलणं हे नियमात असो वा नसो, करायलाच हवं.

गटांची तुलना करायची असेल, तर एकाच झाडाची सहा पानं म्हणजे सहा नमुने नव्हेत. सहा वेगळी झाडं हवीत. एकाच अर्काची तीन मोजमापं यंत्र किती स्थिर आहे एवढंच सांगतात. झाडांमधल्या खऱ्या फरकाबद्दल त्यांतून काहीच कळत नाही.

तोडल्यापासून वाळेपर्यंत

पान तोडलं म्हणजे ते रासायनिकदृष्ट्या थांबलं, असं होत नाही. पेशी फुटल्या की वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली विकरं (एन्झाइम) आणि संयुगं एकत्र येतात. अखंड लसणात ॲलिसिन जवळपास नसतंच. लसूण ठेचला की ॲलिनेझ हे विकर काही सेकंदांत ॲलिनपासून ॲलिसिन बनवतं. मोहरीच्या कुळातल्या ग्लुकोसिनोलेटचंही तसंच: चिरडलं की मायरोसिनेझ कामाला लागतं आणि तिखट वासाची आयसोथायोसायनेटं तयार होतात. त्यामुळे अर्कात जे दिसतं ते झाडात होतं की तुमच्या खलबत्त्यात झालं, हा प्रश्न प्रत्येक वेळी स्वतःला विचारा.

झाडातली मूळ अवस्था टिपायची असेल, तर पान तोडताक्षणी द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवा, उणे ८० अंशांवर ठेवा आणि गोठलेलंच दळा. पाणी काढायला फ्रीझ ड्रायर सर्वांत सुरक्षित, मात्र सुगंधी, उडून जाणारी संयुगं त्यातही जातात. वासासाठी काम करत असाल, तर ताजं पानच वापरा. साधं वाळवणच शक्य असेल, तर सावलीत, खेळत्या हवेत, ४० अंशांच्या आत वाळवा. कोणतीही पद्धत घ्या, सगळे नमुने त्याच पद्धतीने वाळले पाहिजेत. निम्मे नमुने दोन दिवसांत आणि निम्मे आठवड्यात वाळले, तर विश्लेषणात जो सुंदर फरक दिसेल तो वाळवणाचा असेल.

अर्क काढणं

तू योयो यांच्या कामातलं वळण इथेच आलं. सुरुवातीच्या अर्कांचा परिणाम कधी दिसे, कधी दिसत नसे. चौथ्या शतकातल्या एका चिनी वैद्यकीय ग्रंथात ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलं आहे. उकळायला सांगितलेलं नाही. उष्णतेने सक्रिय घटक मोडत असावा, हा विचार त्यावरून सुचला आणि १९७१ मध्ये कमी उकळबिंदूच्या इथरने अर्क काढल्यावर तो प्राण्यांमधल्या मलेरियावर प्रभावी ठरला. कारण नंतर स्पष्ट झालं: रेणूत दोन ऑक्सिजन अणू एकमेकांना जोडणारा पेरॉक्साइड पूल आहे, औषधाचा गुण त्याच पुलात आहे आणि तो नाजूक आहे.

द्रावक निवडताना ध्रुवीयतेचा विचार करा. मेण, मेदाम्लं आणि साधी टर्पिनं हेक्झेनमध्ये उतरतात. मध्यम ध्रुवीयतेची बरीच संयुगं एथिल ॲसिटेटमध्ये येतात. फ्लॅव्होनॉइडं (वनस्पतींतल्या फिनॉलांचा एक मोठा गट) आणि त्यांची शर्करा जोडलेली रूपं काढायला ७० ते ८० टक्के मिथेनॉल किंवा इथेनॉल चांगलं, कारण थोडं पाणी असलं की पेशीभित्तिका फुगतात आणि द्रावक आत शिरतो. अल्कलॉइडं (नायट्रोजन असलेली वनस्पतिज संयुगं) आम्लारी असल्यामुळे त्यांच्यासाठी जुनी युक्ती अजूनही उत्तम चालते: आम्लयुक्त पाण्यात ओढून घ्या, मग द्रावण आम्लारीधर्मी करून सेंद्रिय द्रावकात परत न्या.

पहिल्या शोधासाठी १०० मिलिग्रॅम बारीक पूड आणि २ मिलिलिटर ८० टक्के मिथेनॉल एवढ्यावर काम सुरू करता येतं. अल्ट्रासॉनिक टाकीत १५-२० मिनिटं ठेवा, पण टाकीतलं पाणी तापतं, त्यात बर्फ घाला. सेंट्रिफ्यूज करा, वरचा द्रव घ्या, उरलेल्या चोथ्यातून पुन्हा एकदा काढा. दुसऱ्या, तिसऱ्या खेपेला किती निघतं ते मोजल्याशिवाय ‘पूर्ण अर्क निघाला’ असं लिहू नका. शेवटी ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा, नाहीतर यंत्रातला कॉलम (संयुगं वेगळी करणारी बारीक नळी) तुंबतो.

द्रावकही निष्पाप नसतात. मिथेनॉलमध्ये आम्ल असेल आणि अर्क बराच काळ पडून राहिला, तर सेंद्रिय आम्लांचे मिथाइल एस्टर तयार होतात आणि ते ‘नवं नैसर्गिक संयुग’ म्हणून समोर येतात. बर्बेरिनसारखी अल्कलॉइडं ॲसिटोनशी आणि क्लोरोफॉर्मशी जोडली जातात. संशय आला, तर तोच अर्क इथेनॉलने काढून पाहा. मिथाइल एस्टरच्या जागी इथाइल एस्टर दिसला, तर ते संयुग द्रावकाने घडवलेलं आहे.

आणि ब्लँक. वनस्पती न घालता बाकी सगळं तसंच करायचं: तीच बाटली, तीच गाळणी, तेवढाच वेळ. प्लॅस्टिकमधून उतरणारी थॅलेटं गॅस क्रोमॅटोग्राफीत १४९ या वस्तुमानाच्या तुकड्याने ओळखू येतात. ती वनस्पतीतली म्हणून छापलेली मी पुष्कळदा वाचली आहेत आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण एका ब्लँकने ते टळलं असतं.

सुरक्षिततेचं थोडक्यात: द्रावकाचं सगळं काम फ्यूम हूडमध्ये करा. इथर उघडून ठेवलं की त्यात स्फोटक पेरॉक्साइडं साचतात, म्हणून बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा आणि जुन्या बाटलीतलं इथर कधीही आटवू नका. हेक्झेनच्या दीर्घ संपर्काने मज्जातंतूंना इजा होते. जमेल तिथे हेप्टेन वापरा.

यंत्राआधी एक काचपट्टी

क्रोमॅटोग्राफीचा जन्मच पानांमुळे झाला. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाइल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅल्शियम कार्बोनेट भरलेल्या नळीतून पानांचा अर्क सोडला आणि हरितद्रव्याचे व कॅरोटिनॉइडांचे रंगीत पट्टे वेगळे झाले. १९०६ साली त्यांनी ही पद्धत सविस्तर प्रसिद्ध केली. आजची सगळी यंत्रं त्याच तत्त्वावर चालतात: स्थिर पदार्थाला कोण किती चिकटतं आणि वाहत्या द्रावकासोबत कोण किती पुढे जातं.

त्याचं सर्वांत स्वस्त रूप म्हणजे सिलिकाचा पातळ थर दिलेली टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी) पट्टी. महागड्या यंत्राची वेळ घेण्याआधी प्रत्येक अर्काची पट्टी करा. २५४ आणि ३६६ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली पाहा, मग फवारणी करा. ॲनिसाल्डिहाइड आणि सल्फ्युरिक आम्ल फवारून तापवलं की टर्पिनं आणि शर्करा निरनिराळे रंग घेतात. ड्रॅगेनडॉर्फ फवाऱ्याने अल्कलॉइडं नारिंगी दिसतात, पण नायट्रोजन नसलेली काही कौमारिनंही त्याला प्रतिसाद देतात, म्हणून नारिंगी डाग म्हणजे अल्कलॉइड हे गृहीत धरू नका. अर्ध्या तासात अर्क किती गुंतागुंतीचा आहे, दोन अर्क सारखे आहेत का, साठवणीत काही मोडलंय का, हे कळतं. टीएलसी जुनी झाली म्हणून ती टाळणाऱ्यांचा पुढे यंत्रावर कितीतरी वेळ वाया जातो.

वायू की द्रव?

पुढचा निर्णय सोपा आहे. संयुग न मोडता बाष्प होत असेल, तर गॅस क्रोमॅटोग्राफी. सुगंधी तेलं, मोनोटर्पिनं आणि सेस्क्विटर्पिनं यांच्यासाठी तिला तोड नाही. शर्करा, अमिनो आम्लं, सेंद्रिय आम्लं यांच्यावर आधी सिलिल गट चढवून त्यांना बाष्पशील करता येतं. बाकी जवळपास सगळ्यांसाठी द्रव क्रोमॅटोग्राफी. आर्टेमिसिनिन गॅस क्रोमॅटोग्राफच्या उष्णतेत मोडतं आणि एका संयुगाच्या जागी त्याच्या तुकड्यांची शिखरं दिसतात, म्हणून ते द्रव क्रोमॅटोग्राफीवरच तपासलेलं बरं.

गॅस क्रोमॅटोग्राफीत मास स्पेक्ट्रोमीटर ७० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या ठरावीक ऊर्जेवर रेणू फोडतो, त्यामुळे जगभरचे स्पेक्ट्रम एकमेकांशी ताडून पाहता येतात आणि एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेसारखी स्पेक्ट्रमची मोठी संग्रहालयं उपयोगी पडतात. पण टर्पिनांचे स्पेक्ट्रम इतके सारखे असतात की फक्त संग्रहालयाच्या जुळणीवर नाव देणं धोक्याचं. सरळ साखळीच्या अल्केनांचं मिश्रण त्याच पद्धतीने चालवा आणि प्रत्येक शिखराचा रिटेन्शन इंडेक्स, म्हणजे अल्केनांच्या तुलनेत ते केव्हा बाहेर पडतं याचा आकडा, काढा. तोही एकटा पुरत नाही. पाच टक्के फिनाइलच्या नेहमीच्या कॉलमवर लिमोनीन, १,८-सिनिओल आणि बीटा-फेलँड्रीन ही तिन्ही १०३०च्या आसपासच बाहेर पडतात. सिनिओलचं रेणुवस्तुमान १५४, बाकी दोघांचं १३६. त्या दोघांत लिमोनीनचा सर्वांत मोठा तुकडा ६८चा, तर फेलँड्रीनचा ९३चा. इंडेक्स आणि स्पेक्ट्रम दोन्ही हातात असले की गोंधळ सुटतो.

द्रव क्रोमॅटोग्राफीसाठी नवख्याने सी-१८ कॉलम (१८ कार्बनांच्या साखळ्या चढवलेली सिलिका भरलेला) घ्यावा. एका बाजूला ०.१ टक्का फॉर्मिक आम्लाचं पाणी, दुसऱ्या बाजूला तेवढंच आम्ल घातलेलं ॲसिटोनायट्राइल, आणि ॲसिटोनायट्राइलचं प्रमाण ५ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत हळूहळू चढवणारा ग्रेडियंट. पहिली धाव लांब ठेवा, मग गर्दी कुठे आहे ते पाहून उतार बदला. मुख्य कॉलमच्या पुढे छोटा संरक्षक कॉलम लावा, कारण वनस्पतीच्या अर्कातलं हरितद्रव्य आणि मेण कॉलमला चिकटून बसतं.

शोधक निवडताना रेणूची रचना पाहा. डायोड ॲरे शोधक अतिनील आणि दृश्य प्रकाशाचं शोषण मोजतो. फ्लॅव्होनॉल साधारण २५०-२८० आणि ३५०-३८५ नॅनोमीटर असे दोन पट्टे देतात, क्लोरोजेनिक आम्ल ३२५च्या जवळ, अँथोसायनिनं ५२०च्या आसपास. नुसत्या या वर्णपटावरून संयुगाचा गट ओळखता येतो. मात्र ज्याच्यात एकाआड एक दुहेरी बंध नाहीत, ते या शोधकाला जवळपास दिसतच नाही. आर्टेमिसिनिन त्यातलंच. ते अर्कात भरपूर असूनही आलेख सपाट दिसू शकतो. अशा संयुगांसाठी मास स्पेक्ट्रोमीटर किंवा बाष्पीभवनावर चालणारा प्रकाश-प्रकीर्णन शोधक हवा.

मास स्पेक्ट्रम वाचणं

द्रव क्रोमॅटोग्राफीला मास स्पेक्ट्रोमीटर जोडणं व्यवहारात आलं ते मुख्यतः इलेक्ट्रोस्प्रेमुळे, म्हणजे द्रावणाचा विद्युतभारित फवारा करण्याच्या पद्धतीमुळे. जॉन फेन यांना त्यासाठी २००२ चं रसायनशास्त्राचं नोबेल वाटून मिळालं. या पद्धतीत रेणू फारसा फुटत नाही, त्याला भार चिकटतो. कोणता भार चिकटला यावर आकडा बदलतो, आणि नवख्याचा पहिला गोंधळ तिथेच होतो.

आर्टेमिसिनिनचं अचूक वस्तुमान २८२.१४६७. प्रोटॉन चिकटला की २८३.१५४०, अमोनियम चिकटला की ३००.१८०५, सोडियम चिकटला की ३०५.१३५९. दोन रेणू मिळून एक सोडियम घेतात तेव्हा ५८७.२८. यंत्राच्या आयन-स्रोतातच रेणूतून पाणी निघून गेलं तर २६५.१४३४. हे सगळे आकडे एकाच क्षणी, एकाच आकाराच्या शिखराखाली येतात. म्हणून खुणा मोजण्याआधी त्यांचे गट करा. दोन आकड्यांतला फरक २१.९८ असेल, तर प्रोटॉन आणि सोडियमची जोडी आहे हे लगेच ओळखता यायला हवं.

मग समस्थानिकांचं शिखर पाहा. निसर्गात कार्बन-१३ सुमारे १.१ टक्के असतो, त्यामुळे १५ कार्बनांच्या रेणूत पुढच्या आकड्यावरचं शिखर मूळ शिखराच्या १६ टक्क्यांच्या आसपास असतं. ते ३० टक्के दिसलं, तर तुमचं सूत्र चुकलंय किंवा शिखर शुद्ध नाही. वस्तुमानाची चूक दशलक्षांश भागांत लिहितात. ५ भागांची चूक म्हणजे २८३ च्या जवळ अवघी ०.००१४.

तुकड्यांचं वाचन रूटिनवर शिका. ते स्वस्त आहे, शुद्ध मिळतं आणि धडा स्पष्ट देतं. प्रोटॉनसह त्याचा आकडा ६११.१६०७. तो फोडल्यावर ४६५.१०२८ आणि ३०३.०४९९ मिळतात. पहिला फरक १४६.०५७९, म्हणजे ऱ्हॅम्नोजसारखी डीऑक्सिहेक्सोज गेली. दुसरा १६२.०५२८, म्हणजे ग्लुकोजसारखी हेक्सोज गेली. उरलं ते क्वर्सेटिनच्या सांगाड्याचं वस्तुमान. १३२.०४२३ गेलं तर पेंटोज, १७६.०३२१ गेलं तर ग्लुक्युरॉनिक आम्ल. हे आकडे काही दिवसांत तोंडपाठ होतात.

दशांश चिन्हानंतरचे आकडे सोडू नका. १६२.०५२८ म्हणजे हेक्सोज, पण १६२.०३१७ म्हणजे कॅफिक आम्लाचा गट. कमी विभेदनाच्या यंत्रावर दोन्ही ‘१६२’च दिसतात, आणि शर्करा कुठली व आम्ल कुठलं हे उलटसुलट होऊन जातं.

आता मर्यादा. ‘ऱ्हॅम्नोजसारखी’, ‘ग्लुकोजसारखी’ असं मी जपून लिहिलं, कारण ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजचं वस्तुमान तंतोतंत एक आहे. केम्फेरॉल, ल्युटिओलिन आणि फिसेटिन या तिघांतही १५ कार्बन, १० हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन. आकडा कितीही अचूक असला, तरी तो फक्त सूत्र सांगतो. तुकड्यांच्या प्रमाणातून यांच्यात काही फरक कळतो, पण खात्रीसाठी प्रमाण नमुना त्याच कॉलमवर, त्याच पद्धतीने चालवून वेळ जुळवावी लागते.

अनोळखी खुणांसाठी मासबँक आणि जीएनपीएस ही खुली संग्रहालयं वापरा. जीएनपीएसमध्ये तुकड्यांच्या साम्यावरून रेणूंचं जाळं काढता येतं: एकमेकांसारखे फुटणारे रेणू शेजारी येतात. त्यातला एक ओळखीचा निघाला की शेजाऱ्यांच्या सांगाड्याचा अंदाज येतो. माहीत असलेली संयुगं पुन्हा वेगळी काढण्यात महिने घालवण्याआधी हे जाळं पाहून घ्या.

गटांची तुलना असेल, तर नमुन्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. सगळ्या नमुन्यांचा थोडा थोडा भाग मिसळून एक मिश्र नमुना बनवा आणि दर आठ-दहा नमुन्यांनंतर तो चालवा. यंत्राची संवेदनशीलता दिवसभरात सरकते. हा मिश्र नमुना ते सरकणं दाखवतो.

शुद्ध रेणू आणि एनएमआर

नवं संयुग असल्याचा दावा करायचा तर ते वेगळं काढावंच लागतं. अर्क आधी द्रावकांत विभागा, मग सिलिका कॉलम, मग सेफाडेक्स एलएच-२० (मुख्यतः आकारानुसार रेणू वेगळे करणारा पदार्थ), शेवटी प्रिपरेटिव्ह एचपीएलसी (संयुग शुद्ध करून गोळा करण्यासाठीची उच्च दाबाची द्रव क्रोमॅटोग्राफी). प्रत्येक पायरीनंतर टीएलसी करून सारखे भाग एकत्र करा. किलोभर वाळलेल्या पानांतून काही मिलिग्रॅम हाती लागणं नेहमीचं आहे.

एनएमआरसाठी (चुंबकीय क्षेत्रातल्या अणुकेंद्रांच्या प्रतिसादावरून रचना वाचणाऱ्या तंत्रासाठी) द्रावकाची निवड विचारपूर्वक करा. क्वर्सेटिनसारख्या फ्लॅव्होनॉलच्या पाचव्या स्थानावरचा हायड्रॉक्सिल ड्युटेरेटेड (हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेल्या) डीएमएसओ या द्रावकात १२.६ पीपीएमच्या (एनएमआर आलेखावरच्या स्थानाचं एकक) आसपास सुरेख दिसतो. ड्युटेरेटेड मिथेनॉलमध्ये त्याची अदलाबदल होते आणि तो नाहीसा होतो. सहाव्या आणि आठव्या स्थानांचे हायड्रोजन ६.२ आणि ६.४ च्या जवळ, २ हर्ट्झच्या अंतराने दुभंगलेले. ही जोडी दिसली की पहिलं वलय ओळखू येतं.

प्रयोगांचा क्रम असा ठेवा: प्रोटॉन, कार्बन, कॉझी, एचएसक्यूसी आणि मग एचएमबीसी. कॉझी शेजारचे हायड्रोजन जोडून देतं, एचएसक्यूसी कोणता हायड्रोजन कोणत्या कार्बनवर ते सांगतं, आणि एचएमबीसी दोन-तीन बंध ओलांडून पाहतं. मास स्पेक्ट्रमला न सुटलेले प्रश्न इथे सुटतात. रूटिनमधल्या ग्लुकोजच्या पहिल्या कार्बनवरचा हायड्रोजन ५.३ च्या जवळ दिसतो, त्याचं ७-८ हर्ट्झचं दुभंगणं ही जोडणी बीटा असल्याचं सांगतं, आणि एचएमबीसीमध्ये तो फ्लॅव्होनॉलच्या तिसऱ्या कार्बनशी जोडलेला दिसतो. शर्करा कोणती, कुठे, कशी जोडलेली, तिन्ही उत्तरं मिळतात. ती डी की एल (एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली दोन रूपं), हे मात्र यातून ठरत नाही. त्यासाठी शर्करा तोडून कायरल, म्हणजे ही दोन रूपं वेगळी ओळखणाऱ्या पद्धतीने तपासावी लागते. स्फटिक मिळाला, तर क्ष-किरण विवर्तनाइतकं निर्विवाद काहीच नाही. आर्टेमिसिनिनच्या रचनेवर शेवटचा शिक्का त्यानेच बसला.

किती आहे?

मोजमापासाठी शुद्ध प्रमाण नमुना, किमान पाच तीव्रता आणि त्यांवरून काढलेली रेषा. संकेत गोंगाटाच्या तिप्पट असला तर ‘आढळलं’ म्हणता येतं, दहापट असला तर ‘मोजलं’. इलेक्ट्रोस्प्रेमध्ये अर्कातली इतर संयुगं तुमच्या संयुगाचा संकेत दाबतात, त्यामुळे अर्कात माहीत असलेली मात्रा मिसळून किती परत मिळते हे तपासलंच पाहिजे. दोन वेगळ्या संयुगांच्या शिखरांच्या उंचीवरून ‘हे जास्त, ते कमी’ म्हणणं चूक आहे, कारण प्रत्येक रेणू भार घेण्यात वेगळा असतो. निकाल कोरड्या वजनावर द्या आणि ओलावा मोजून लिहा.

फोलिन-सिओकल्ट्यू अभिक्रियाकाने ‘एकूण फिनॉल’ मोजणं अजून सर्रास चालतं. तो अभिक्रियाक ॲस्कॉर्बिक आम्लाशी आणि इतर क्षपणकांशीही रंग देतो. प्राथमिक चाळणी म्हणून ठीक, पण त्यावरून फिनॉलांचं प्रमाण ठामपणे सांगू नये.

नाव लिहिताना

२००७ साली मेटाबोलॉमिक्सच्या मानकांसाठीच्या गटाने ओळखीच्या चार पातळ्या सुचवल्या. त्या तुमच्या तक्त्यात स्वतंत्र रकाना म्हणून घाला. पहिली: प्रमाण नमुन्याशी, त्याच प्रयोगशाळेत, किमान दोन स्वतंत्र गुणधर्म जुळले, उदाहरणार्थ रिटेन्शन टाइम (कॉलममधून बाहेर पडायला लागणारा वेळ) आणि तुकड्यांचा स्पेक्ट्रम. दुसरी: संग्रहालयाशी जुळलं, प्रमाण नमुना नाही. तिसरी: फक्त गट कळला, जसं ‘क्वर्सेटिनला जोडलेली हेक्सोज’. चौथी: अनोळखी. पहिल्या तक्त्यात बहुतेक ओळी दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पातळीच्या असतील. ‘हायपरोसाइड’ (गॅलॅक्टोज जोडलेलं क्वर्सेटिन) लिहायचा मोह होईल तिथे गॅलॅक्टोज सिद्ध झालेली नसेल, तर ‘क्वर्सेटिन हेक्सोसाइड’ लिहा.

प्रत्येक ओळीत रिटेन्शन टाइम, मोजलेलं आणि गणिती वस्तुमान, त्यांतली चूक, चिकटलेला भार, मुख्य तुकडे आणि ब्लँकमध्ये ते होतं की नाही, हे द्या. कॉलमची लांबी, ग्रेडियंटची प्रत्येक पायरी आणि हर्बेरियमचा क्रमांक पद्धतीच्या भागात लिहा. कच्च्या फाइली खुल्या स्वरूपात बदलून मेटाबोलाइट्स (MetaboLights) किंवा जीएनपीएसच्या भांडारात ठेवा. चौथ्या पातळीच्या अनोळखी खुणांचे स्पेक्ट्रमही त्यांत जाऊ द्या, कारण दुसऱ्या झाडावर काम करणाऱ्याने तोच रेणू शुद्ध करून त्याची रचना काढली की तुमच्या तक्त्यातल्या त्या ओळीलाही नाव मिळतं.